नुसतं डोकावलो हो!

...आता प्लेटवरची फॉइल उघडायची नाही, असं आमच्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या होत्या, मान्य! पण मला सांगा, आपणच ठेवलेली जंतूंची प्लेट आपण बघायचीही नाही? मी नुसतं डोकावलो हो!

तुम्हाला सांगतो, रुथेनियम नावाचा धातू असतो, त्याचं मी औषध बनवतोय, नारिंगी रंगाचं, दिसायला इतकं देखणं! आधी जंतूंवर टाकायचं, तिथं जमलं तर कॅन्सरच्या पेशींवर. पण जमतंय कुठं? जंतू आपले मजेत! शेवटी मॅडमनी निर्वाणीचं सांगितलं, "यावेळी जंतू मेले नाहीत तर रुथेनियम बंद." आता एवढं ऐकल्यावर कुणाला धीर धरवतो? आई म्हणतेच, भाजी शिजेपर्यंत दहादा झाकण काढणारा तू, तुला हे काम दिलं कुणी!

तर काय, प्लेट काढायची, फॉइल सोडायची, दिव्याखाली धरून निरखायची, परत गुंडाळून ठेवायची. चहाच्या आधी, चहाच्या नंतर, मग चहा सोडूनच... आणि संध्याकाळी बघतो तर औषधाच्या नारिंगी ठिपक्याभोवती स्वच्छ कडं! एक जंतू शिल्लक नाही! मी असा ओरडलो की शेजारच्या खोलीतले लोक आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले.

मॅडम आल्या, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "जोडीची प्लेट कुठाय?" आता हिची एक जुळी प्लेट होती, तेच औषध, तेच जंतू, ती मागच्या कोपऱ्यात मी साफ विसरलेलो. उघडली... जंतू ठिपक्याला अगदी खेटून बसलेले!

"दोन्हीत फरक काय केलास?"

"काही नाही, मॅडम."

"ही किती वेळा उघडलीस?"

"मी... नुसतं डोकावलो हो..."

मॅडम स्टुलावर बसल्याच. "दिव्याखाली? अरे, मग उजेडानं जागं होतंय हे! जिथं उजेड टाकू तिथंच मारेल, बाकीच्या शरीराला हात लावणार नाही... कॅन्सरच्या पेशींवर टाकून बघूया!"

रुथेनियम वाचलं! मी नाचलो, मॅडमही थोड्या नाचल्या, खोटं कशाला सांगू!

आता सगळं परत करून सिद्ध करायचंय. उजेडातल्या प्लेटींचा दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो, तिथं माणूस लागतच नाही. अंधारातल्या प्लेटींवर मात्र राखण हवी, कुणी उघडता कामा नये. मग राखणीला बसवलं कोणाला? मलाच! डोकावून शोध लावला मी, आणि आता पगार मिळतोय तो न डोकावण्याचा.