तीन नंबरचा मुठा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख माननीय नजमुद्दीन मुकादमसाहेब, महाविद्यालयाच्या प्राचार्या आणि एकेकाळची माझी विद्यार्थिनी डॉ. प्रणाली घरत, व्यासपीठावरील इतर मान्यवर, माझे जुने सहकारी, कार्यालयातील मंडळी, विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण आज जमलो आहोत ते प्राणिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर श्री. अंबाजी रावजी मोकल, त्यांच्या पत्नी केसरताई व कन्या मनाली, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. बाहेर वडे तळायला घेतले आहेत, वास इथपर्यंत येतो आहे, तेव्हा मी वेळ पाळेन. मागच्या रांगेतल्या मुलांनीही तेवढी दहा मिनिटं पाळावीत. मी निवृत्त झाले असले तरी मला अजून लांबचं दिसतं.

माझ्याआधी चार जण बोलले. अंबाजी कसे वेळेवर येत, कसे हसतमुख असत, हे सगळ्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. मी मात्र त्यांना डोंगरावर पाहिलेलं आहे. आपल्या मागच्या डोंगरात सातखडकीचा ओढा आहे, तिथे अकरा पावसाळे आम्ही मुठ्यांचा अभ्यास केला. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सांगते, मुठा म्हणजे गोड्या पाण्यातला, डोंगरातला खेकडा. खाडीतल्या चिंबोरीचा हा गरीब चुलतभाऊ. कुठल्या दगडाखाली मुठा आहे आणि कुठल्या दगडाखाली फुरसं आहे, हे अंबाजी दगड न उचलता सांगत. माडाच्या झावळीचा हीर कपारीत घालून ते तो असा फिरवत, की मुठा स्वतःहून तो धरून बाहेर येई. मी एम.एस्सी. झालेली बाई. मला ते कधीच जमलं नाही. माझ्या शोधनिबंधात त्या हिराला ‘विशिष्ट तंत्र’ असं नाव आहे आणि ते तंत्र वापरणाऱ्या माणसाचं नाव कुठेही नाही.

पण एवढंच सांगायला मी आलेले नाही.

सन २००४. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही ओढ्यातले एकशे चाळीस मुठे पकडले. रेवदंड्याच्या बाजारातून लाल नेलपॉलिश आणलं. प्रत्येक मुठ्याच्या पाठीवर आकडा घातला, एकपासून एकशे चाळीसपर्यंत, आणि ज्या दगडाखालून काढला त्याच दगडाखाली सोडला. मुलं हसत होती, मुठ्यांचं लग्न आहे म्हणत होती. दोन महिन्यांनी पुन्हा जायचं, तेच दगड उलटायचे, किती उरले ते मोजायचं, असा बेत होता. कामाची पद्धत साधी होती. सोप्या कामात माणूस बेसावध असतो.

ऑगस्टअखेरीस आम्ही पुन्हा चढलो. सकाळी दहाच्या सुमारास आम्ही खालच्या पठारावर डबे उघडले. अंबाजींच्या डब्यात भाकरी आणि मुठ्यांचं कालवण होतं. त्यांनी मला विचारलं, बाई, घेता का थोडं? शेताच्या बांधावरचे हायत, केसरनं पकडले. मी नको म्हटलं. मग वर गेलो, दगड उलटले. एकशे सव्वीस मुठे सापडले. त्यांतले आकडेवाले किती असतील? फक्त नऊ.

माझे एकशे एकतीस मुठे कुठे गेले? मी ओढ्यात उभी राहून हा प्रश्न मोठ्याने विचारला. वीस मुलं समोर होती. विचारताना मी कुणाकडे पाहत होते, हे त्या वीसही जणांना कळलं.

अंबाजींनी तेव्हा एक मुठा माझ्यासमोर धरला. पाठ कोरी, डावा नांगा अगदी बारीक, नवा फुटलेला. म्हणाले, “बाई, ह्यो तोच हाय. जूनमधी ह्याचा डावा नांगा तुटका व्हता, तुमीच वहीत लिवलं व्हतं. मुठे तेच हायत. आकडं गेलं.”

मी काय उत्तर दिलं, ते आज या माईकवरून सांगते. मी म्हटलं, “अंबाजी, मला शिकवू नका. तुमच्या डब्यात काय होतं ते मी पाहिलंय.”

विज्ञान शाखेची जी मुलं इथे बसली आहेत, त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल. खेकडा वाढतो कसा? कवच टाकून. अंगावरचं जुनं कवच उकलतं, मऊ अंगाने तो बाहेर येतो, तुटलेला नांगा त्याच वेळी नव्याने फुटतो, आणि पाठीवर नेलपॉलिशने काय लिहिलं होतं ते जुन्या कवचाबरोबर ओढ्यात वाहून जातं. हे मी दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला शिकवत होते. आकृती फळ्यावर काढत होते, परीक्षेत सात गुणांना विचारत होते. आणि डोंगरावर, प्रत्यक्ष मुठा हातभर अंतरावर असताना, मला ते आठवलं नाही. कारण मला चोर आधी सापडला होता.

खाली आल्यावर मी लेखी तक्रार केली. संशोधनाचे नमुने खाल्ल्याचा संशय, असे माझे शब्द होते. त्या वेळच्या प्राचार्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून अंबाजींना मेमो दिला. तो त्यांच्या सेवापुस्तकात लागला. पुढे प्रयोगशाळा सहायकाची जागा दोनदा रिकामी झाली. दोन्ही वेळा ते पान उघडलं गेलं आणि दोन्ही वेळा दुसरा माणूस लागला. आज ते ज्या पदावर रुजू झाले त्याच पदावरून निवृत्त होत आहेत. मघाशी कुणीतरी याला साधेपणा म्हटलं. तो साधेपणा नव्हता.

मुलांनी त्यांचं नाव मुठेचोर पाडलं. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात, याच सभागृहात, फिशपॉन्ड वाचले गेले. त्यातला एक मला पाठ आहे. ‘डोंगरावरचे मुठे गेले कोणाच्या ताटात? नेलपॉलिश लागलंय अंबामामांच्या दातात.’ सभागृह डोक्यावर घेतलं मुलांनी. मी पहिल्या रांगेत होते. मीही हसले. अंबाजी त्या दाराशी सरबताचे पेले घेऊन उभे होते आणि त्यांच्या शेजारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी होती.

इथपर्यंतची चूक अज्ञानाची होती, असं म्हणून मी सुटू शकले असते. पुढची तशी नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये प्रात्यक्षिकासाठी आम्ही पाच मुठे प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत ठेवले. आकडे घातलेले होते. जुलैच्या एका सकाळी मी टेबलाशी बसले होते. अंबाजी आले आणि गाळण कागदावर ठेवलेली एक वस्तू त्यांनी माझ्यासमोर ठेवली. अख्खं कवच, पाय आणि नांग्यांसकट, आत पोकळ. पाठीवर लाल अक्षरात तीन.

“टाकीतला तीन नंबर, बाई,” एवढंच ते म्हणाले.

मी टाकीकडे पाहिलं. कोपऱ्यात एक कोरा, मऊ मुठा अंग चोरून बसला होता. मला सगळं कळलं. कळायला दोन सेकंदही लागले नाहीत. आणि मी काय केलं? दोन महिन्यांत मुठे नाहीसे झाले, हाच आकडा धरून लिहिलेला माझा निबंध महिन्यापूर्वीच छापून आला होता. विभागप्रमुखपदाची माझी मुलाखत पंधरा दिवसांवर होती. मी ते कवच एका काडेपेटीत ठेवलं, काडेपेटी खणात ठेवली, आणि म्हटलं, “टाकीचं पाणी बदला.”

त्यांनी पाणी बदललं.

त्यानंतर आम्ही अकरा वर्षं एका छताखाली काम केलं. रोज अकरा वाजता त्यांनी आणलेला चहा मी प्याले. दर वर्षी मी कवच टाकण्याचा तास घेतला, आणि दर वर्षी नमुन्यांचा ट्रे धरून अंबाजी भिंतीला टेकून उभे असत. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत असे. बाईंची आकृती किती सुंदर, असं मुलं म्हणत. आकृती सुंदर होती, कारण मी वर्गाकडे वळणं टाळत होते.

मग मी निवृत्त झाले. असाच समारंभ झाला, अशीच शाल मिळाली. ‘शिस्तप्रिय आणि सत्यनिष्ठ’ असं माझ्या मानपत्रात छापलं आहे. ते मानपत्र मी कपाटामागे ठेवलं आहे. तेवढी लाज शिल्लक होती. तोंड उघडण्याइतकी नव्हती.

गेल्या महिन्यात या समारंभाचं बोलावणं आलं. मी अंबाजींच्या घरी गेले. केसरताईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली. त्या उभ्याच राहिल्या. मी सगळं सांगितलं. अंबाजींनी ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या बाई. थोर मनाची माणसं असं म्हणतात, असं आपण ऐकतो, आणि आपल्यासारख्यांना ते फार सोयीचं असतं. ते तसं म्हणाले नाहीत.

ते म्हणाले, “मला काय सांगताव, बाई? मला ठावंच व्हतं. माज्या पोरीला शाळंत मुठेचोराची पोर म्हनायचे. तिनं सातवीपासून घरात मुठं शिजवू दिलं न्हाय. तिला सांगा. आनि घरात नको. जितं हसले तितं सांगा.”

म्हणून मी इथे उभी आहे. माझ्या मोठेपणाने नव्हे, त्यांच्या सांगण्यावरून.

मनाली, तू आज उरणला कंटेनर यार्डाच्या कार्यालयात मोठं काम करतेस, सुटी काढून आली आहेस, आणि मघापासून खाली मान घालून बसली आहेस. वर बघ. मान खाली घालायचं काम आज माझं आहे. तुझ्या वडिलांनी एकही मुठा चोरला नाही. त्यांनी एकवीस वर्षांपूर्वी डोंगरावर जे सांगितलं ते बरोबर होतं आणि मी चूक होते. वर्षभराने मला ते कळलं आणि मी ते दडवलं. फिशपॉन्डला हसणाऱ्यांत मी होते.

जो निबंध छापला, तो मागे घ्यावा असं पत्र मी त्या नियतकालिकाला पाठवलं आहे. घडलेलं सगळं लिहून, सही करून, दुसरं पत्र प्राचार्यांना दिलं आहे. सेवापुस्तक बंद करण्याआधी ते त्या मेमोच्या पानाला जोडावं, ही अध्यक्षमहाशयांना माझी विनंती आहे. त्यामुळे गेलेली जागा परत येणार नाही, हे मला समजतं. पुढे कुणी ते पान उघडलं, तर त्याला दोन्ही कागद दिसावेत, एवढंच.

संस्थेने मला बोलायला उभं केलं, आपण शांतपणे ऐकलंत, मागच्या रांगेनेही ऐकलं, त्याबद्दल मी सर्वांची आभारी आहे. मान्यवरांपैकी कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, ठरल्यापेक्षा वेळ जास्त झाला असेल, तर तेवढं सभेने पदरात घ्यावं. बाकीची क्षमा मी सभेकडे मागत नाही. ती ज्यांच्याकडे मागायची ते तिघं समोर बसले आहेत, आणि त्यांनी ती द्यायलाच हवी असं नाही.

मनाली, ही काडेपेटी इतकी वर्षं माझ्याकडे होती. खरं तर ती तुमच्या घरची. आतल्या कवचाचा एक पाय मोडला आहे, पण आकडा अजून स्पष्ट वाचता येतो. मी खाली येते आहे. तू उठू नकोस, मी तुझ्यापर्यंत आणून देते.

नमस्कार.