देव पुन्हा पाण्यात

विमान किती झपाट्याने जातं हे मला सांगू नका, मी ते सुधाकाकूंच्या देवघरात पाहिलंय. त्यांचा दिलीप, म्हणजे आमचा वर्गमित्र, पहिल्यांदाच नोकरीला दुबईला निघाला. त्या एकट्याला मुंबईच्या विमानतळावर सोडायला नाशिकहून जीप भरून आम्ही आठ जण! काकू घरीच थांबल्या. पोरगा सुखरूप पोचेपर्यंत त्यांनी देव पाण्यात घातले.

सकाळी विमान उडालं आणि आम्ही परत निघालो. कसारा घाटात ट्रक आडवा झालेला. अडकल्या जागी आम्ही दिलीपचीच काळजी करत बसलो. त्याचे वडील, अण्णा, सारखे म्हणत होते, "एवढा समुद्र ओलांडायचाय पोराला!"

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली. अण्णांनी चपलाही काढल्या नाहीत. "फोन आला का गं?"

"दुपारीच आला. पोचला, जेवला, आता झोपलाही असेल."

मी देवघरात डोकावलो, तर देव अजून तांब्याच्या पातेल्यात बुडालेले.

"काकू, मग यांना काढा की बाहेर!"

"काढले होते रे. पुसून, गंध लावून जागेवर बसवले होते. मग तुमच्यासाठी परत घातले. दुबईचं त्यांनी तीन तासांत उरकलं, पण कसारा घाटापुढे तेही काय करणार!"