सगळ्यांनी मिळून खुलं केलेलं नियतकालिक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय अप्पासाहेब, आमच्या संशोधन संस्थेचे संचालक डॉ. शरच्चंद्र, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या उत्सवमूर्ती म्हणजे डॉ. प्रमोदिनी अक्का, आणि बनशंकरीच्या या सभागृहात आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

मी पद्माकर. अक्का आमच्या भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादक, मी त्यांचा साहाय्यक. नागपूरहून इथे आलो तेव्हा अक्कांचं मराठी ऐकून गोंधळून गेलो होतो. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं. त्या "स्वल्प थांबा" म्हणायच्या, म्हणजे कानडी वळणाने थोडं थांबा, आणि मी दारात ताटकळत उभा. हे स्वल्प पाच मिनिटांचं की दुपारभराचं, ते उमगायला मला बराच काळ लागला. असो.

आपल्यातले बरेच जण भौतिकशास्त्राच्या वाटेला गेले नसतील, म्हणून थोडं समजावून सांगतो. शोधनिबंध लिहिणाऱ्याला त्याचा मोबदला मिळत नाही, तो तपासणाऱ्यालाही नाही. पण ज्या नियतकालिकात तो छापून येतो, त्याची वर्गणी मात्र ग्रंथालयांना भारी पडते. रुपया घसरल्यापासून आमच्याही ग्रंथालयातली नियतकालिकं एकेक करून बंद होत चालली होती. लहान गावातल्या कॉलेजांनी काय करायचं?

शहाण्णव साली एका परदेशी प्रकाशन कंपनीने आमचं नियतकालिक चालवायला मागितलं. गुळगुळीत कागद, जगभर वितरण, सगळा खर्च त्यांचा. संपादक मंडळ खुशीत होतं. अक्कांनी फक्त वर्गणी विचारली. उत्तर ऐकल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आपले लेख आपल्याच कॉलेजांना वाचता येणार नाहीत."

त्यांनी सहीसाठी मुदत मागून घेतली आणि वेगळीच योजना मांडली. देशोदेशीच्या ग्रंथालयांनी आणि संस्थांनी ऐपतीप्रमाणे वाटा उचलायचा, त्यातून संपादनाचा खर्च भागवायचा, आणि लेख इंटरनेटवर सर्वांना खुले ठेवायचे. लिहिणाऱ्याने काही द्यायचं नाही, वाचणाऱ्यानेही नाही.

ऐकायला किती सोपं, नाही का? पण जर्मनीच्या ग्रंथपालांनी ई-मेलने विचारलं, न देताही वाचायला मिळणार असेल तर आम्ही का द्यावं? ब्राझीलचे म्हणाले, आधी दुसऱ्या कुणीतरी द्यावं, मग आम्ही देऊ. जपानचे या दोघांकडे पाहत होते. सगळे सभ्य, सगळे अनुकूल, आणि जागचं कुणीच हलेना.

तेव्हा अक्का म्हणाल्या, पहिला वाटा आपला. डॉ. शरच्चंद्र इथे बसले आहेत. त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. त्यांचं म्हणणं असं, की मदतीची गरज आपल्याला आहे, आपण कुठून देणार? संचालक म्हणून त्यांचं चूक नव्हतं. अक्कांनी उत्तर दिलं, "सर, नुसता हात पसरून मला हे मागता येणार नाही. आपला वाटा पुढे ठेवला की मागता येईल."

त्यासाठी ग्रंथालयाला आणखी एक नियतकालिक बंद करावं लागणार होतं. कुणाच्या विषयाचं? बैठकीत एकदम सगळ्यांना आपापल्या चहाच्या कपात काहीतरी दिसू लागलं. अक्कांचा विषय स्फटिकांतून जाणारा प्रकाश. त्यांनी त्याच विषयाचं नियतकालिक बंद करायला सांगितलं आणि बैठक पुढे नेली.

आमचा वाटा पुढे आल्यावर ब्राझीलने होकार दिला. अक्कांनी मग बाकीच्यांकडून एवढंच वचन मागितलं: इतर देतील तर आम्ही देऊ, पुरेसे लोक जमले नाहीत तर कुणीच बांधील नाही. या बोलीवर जर्मनीही आली. राहिलं जपान.

याच सुमारास अक्कांनी आपलं एक गणित पुरं केलं. कित्येक वर्षं त्यावर काम चाललं होतं. लेख बाहेरच्या तज्ज्ञाकडे तपासायला गेला आणि त्याने कळवलं, की हाच निष्कर्ष पोलंडमधल्या दोन संशोधकांनी काही महिन्यांपूर्वी प्रसिद्ध केला आहे. कुठे? अक्कांनी बंद करायला लावलेल्या त्या नियतकालिकाच्या, आमच्याकडे न आलेल्या अंकात.

मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, अक्का, तुम्ही स्वतंत्रपणे काढलंय, तशी तळटीप घालून छापू या. त्यांनी मान हलवली.

"नको. आधी त्यांना सापडलंय."

 मग त्या चष्मा काढून हातात धरून बसल्या. मला निघावं की थांबावं ते कळेना. शेवटी चष्मा परत लावत म्हणाल्या, "असं दुसऱ्या कुणाच्या बाबतीत होऊ नये, म्हणूनच तर आपण हे करतोय. सरी, ठीक आहे. त्या जपानच्या मेलचं काय झालं?"

जपानचा होकार पुढे आला. अठ्ठ्याण्णव साली आमचं नियतकालिक सर्वांना खुलं झालं. पोलंडच्या त्या दोघांचं अक्कांनी अभिनंदन केलं होतं. त्यांनी पुढचा लेख आमच्याकडे पाठवला. त्याचं संपादन अक्कांनी स्वतः केलं, मला हात लावू दिला नाही.

सगळं सुरळीत आहे असं मात्र नाही. यंदा एका देशाने वाटा थांबवला. तिथल्या वाचकांना लेख बंद करावेत, अशी सूचना मंडळात आली. अक्कांनी विचारलं, "वाचणाऱ्याने काय केलंय?" सूचना मागे पडली. तिथे आजही लेख उघडतात. तो वाटा कसा भरून काढायचा, हे आता आम्हाला पाहायचं आहे, आणि ते आम्ही पाहू.

अप्पासाहेबांनी बोलायची संधी दिली, आपण इतका वेळ शांतपणे ऐकलंत, मी आपणा सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर ते पोटात घालावं. एका गोष्टीची माफी मात्र मी मागणार नाही. अक्कांनी मला बजावलं होतं, काय वाटेल ते बोल, पण मागे घेतलेल्या त्या लेखाचा विषय काढायचा नाही. अक्का, मी तो काढला. तो कुठेही छापला गेला नाही. निदान या सभागृहात तरी त्याची नोंद राहू दे.

धन्यवाद.