दादानं डबा उघडून बघितला असता तर

...आणि वर मलाच विचारतो, "माझं चुकलं का रे?" चुकलं का म्हणे! तुम्हाला सांगतो, वहिनीनं आमच्या दादाला एकच काम सांगितलं होतं. एकच! "अहो, खाटकाकडून डुकराचं मटण आणा, सरळ घरी या, घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि फ्रिजमध्ये अगदी खालच्या कप्प्यात ठेवा, वर ठेवलंत तर पाणी गळेल भाज्यांवर!" दुसऱ्या दिवशी तिची धाकटी बहीण जेवायला येणार, सातवा महिना, आणि तिला त्याचेच डोहाळे! दादानं पिशवी ठेवली चपलांच्या कपाटावर, म्हणाला जरा टेकतो... टेकला तो दुपार कलल्यावर उठला! एवढ्या उकाड्यात मटण बाहेर! घाईघाईनं डब्यात कोंबलं, डबा खाली सरकवला. वहिनीला बोलला का? नाही!

मग त्याचं मन त्याला खायला लागलं. फ्रिज उघडायचा, डब्याकडे बघायचा, फ्रिज लावायचा. वहिनी म्हणते, "अहो, गार वारा खाताय का?" "छे, छे, पाणी घेतोय..." पाणी पिऊन पिऊन पोट टम्म, पण बोलला का? नाही! मला जिन्यात गाठून कुजबुजतो, "वास आला नाही तर चालतं ना रे?" म्हटलं, "दादा, वास न येताही बाधतं! इतका वेळ बाहेर राहिलेलं टाकूनच द्यायचं. जा, सांग तिला." गेला. आणि काय सांगितलं? "छान दिसतेस आज!"

दुसऱ्या दिवशी मेव्हणी आली, कमरेवर हात ठेवून हळूच बसली. "भावोजी, सकाळपासून पोट रिकामं ठेवलंय हं मी!" दादाचा चेहरा पांढराफटक! बहिणी आतल्या खोलीत गेल्या मात्र, यानं डबा काढला, डोळे मिटले, नाक दाबलं, सगळं मटण पिशवीत ओतलं आणि खाली कचऱ्याच्या गाडीत! गाडी गेलीसुद्धा! वर आला, हात धुतले आणि एकदम फुटलाच... "अगं, माझ्यामुळे मटण खराब झालं, फेकून आलो मी! हिला काही झालं असतं तर, बाळाला काही झालं असतं तर मी काय तोंड..." रडायलाच लागला हो!

वहिनी थंडगार. "अहो, ते मी सकाळीच टाकलं! आंबूस वास, रंग राखाडी, हाताला बुळबुळीत! डबा कडकडीत पाण्यानं घासला आणि ताजं आणून ठेवलं त्यात! गुलाबी, बोटानं दाबलं की लगेच वर येणारं! दिसलं नाही तुम्हाला?"

कसं दिसणार? डोळे मिटलेले!

"मग तू... तू मला बोललीस का?"

"नाही! तुम्ही कधी बोलताय ते बघत होते!"

दादा धावत दुकानात. दुकान बंद. घरात काय? अंडी! उकडलेल्या अंड्यांचं पातेलं पुढ्यात घेऊन दादा मेव्हणीला म्हणतो, "चुकलं माझं, खरंच चुकलं, माफ कर गं..." ती बिचारी भुकेनं कासावीस. म्हणाली, "भावोजी, माफी नंतर मागा, आधी सोला!"

सोलायला बसला. टरफलाबरोबर निम्मं अंडंही कचऱ्यात... जाऊ दे!