आज फक्त चार ताटं

आईच्यान सांगतो साहेब, माज्या हाटेलात एक अक्षर खोटं न्हाय — बरं, त्या पाटीवरचं सोडून. "नरसिंगपूरच्या संगमाची चिलापी, आज फक्त चार ताटं." कसला संगम घिऊन बसलाय! उजनीच्या पान्यातली हाय, मागं चार क्रेट भरून पडलीया, इंदापुरात कुनीबी देतंय. पन आदी ऐंशीला ताट लावायचो, तवा गिऱ्हाईक काटं मोजत, कुरकुरत जेवायचं. आठशे केलं, "फक्त चार" लिवलं — तीच मासळी, तीच कढई — आन बारामतीची बंगलेवाली मानसं डोळं मिटून खाया लागली. एक डाक्टर तर उरलेला रस्सा बाटलीत भरून घिऊन गेला. — बरं, नेला न्हाय, पन इचारलं हुतं.

हसताय? माजी बायकू, द्वारकाबाई, अशीच हसायची. "अवो, आपल्या घरात तर रोज आठशेचं ताट वाढती की मी!" वाढायची, व्हय. मसाला सोता कांडायची, खोबरं चुलीत भाजून. आन मी काय करायचो? ताट सारायचो. "आज बी चिलापीच?" पंचवीस वर्सं, साहेब. रोजचं, फुकटचं — त्येला कुठं चव आसती? गिऱ्हाइकाला खुळं म्हनायचो मी, आन सगळ्यात मोठं खुळं मीच, चुलीपाशी ताटावर बसलेलं.

गेल्या कार्तिकात गेली ती. आता मसाला दुकानातला — कुनाला कळलं न्हाय, अजून डोळं मिटत्यातच. मला कळतं. ही बरनी बघितली? तिच्या हातचा, तळाला दोन चमचं उरलाय. खाल्ला तर संपतोय, ठिवला तर वास उडतोय. रोज झाकन काढतो, हुंगतो, परत लावतो. — काय? ह्यातलं ताट? दोन हजार? न्हाय. पाच बी न्हाय. ठिवा ते खिशात.

तसं शेवटी बोललो म्या तिला. दुखन्यातनं उठून, भिताडाला धरून एकदा रांधलं तिनं. पयला घास घेतला आन म्हनलो, "द्वारके, आठशे टाकून बी असं मिळायचं न्हाय." लाजली वो. पदर तोंडाला लावला, आन —

तेवढं खोटं हाय, साहेब. त्या दिशी बी ताट सारलं हुतं.

उठा आता. चार ताटं संपली.