मातीच्या गड्ड्यासकट काढलेलं झाड

आमचं घराणं नालबंदाचं, ताई. आटपाडीच्या बाजूला बैलाच्या खुराला पत्र्या माराव्यात तर आमीच, माझा आजा, मग बाप, मग मी इस्माईल. दोर लावून बैल आडवा पाडायचा, त्यो भेदरतो, कवा कवा त्येला ढाळ लागती, मग गुळात भांगेचा पाला कालवून चारायचा, हे बापानं शिकवलं. परड्यात भांगेचं एक झाड कायम असायचं. समद्या गावाला ठावं हुतं. म्हाशिवरात्रीला देवळातला गुरव बी यायचा, चाचा दोन फांद्या द्या म्हणायचा, मी देत हुतो. लपवाछपवी कशाची?

मग काय सांगू तुमास्नी, एक दिस गाडीतनं पोलीस आलं. साहेब म्हणाला झाड कुणाचं, मी म्हणालो माझंच की, ह्या हातानं लावलंय. बायको मागनं सदरा वढतीया, गप बसा म्हणतीया, पर मी काय चोरी केलीया? साहेब म्हणाला जप्त करायचंय, उपट. मला वाटलं, चौकशी झाली की परत देत्याल, तवा लावायला बरं. म्हणून मी येड्यानं कुदळ आणली, बुडाला पाणी सोडलं, आन रोप काढावं तसं मातीच्या गड्ड्यासकट अलगद काढून पोत्यात ठिवलं. आन त्येनी ते तसंच तोललं वो! कांद्याच्या काट्यावर! वली माती, मुळं, पोतं, समदं कागदावर गांजा म्हणून चढलं. मी म्हणालो, साहेब, आवं माती हाय ती. त्यो म्हणाला, कोर्टात सांग.

तवापासनं तारखा चालल्यात. जामिनावर हाय मी. ज्येंच्या बैलांचं खूर ह्या हातानं वाचवलं, त्येच बाजारात मला बघून म्हणत्यात, गांजावाला आला. दारात बैल येईना झाला. मरायच्या आदी ह्यो डाग निघावा, दुसरं काय मागत न्हाई मी.

लेक कुपवाडला कारखान्यात कामाला हाय. परवा आली तवा तिनं मोबाईलवर दावलं, चार माणसं वराडत्यात, एक म्हणतोय गांजा मोकळा करा, दुसरा म्हणतोय देश बुडंल. ह्येंच्यातल्या कुणी कवा बैलाचा खूर हातात धरलाय का? फुकणाऱ्याच्या बाजूचा मी बी न्हाई. कराडला हायवेच्या कडंला धूर काढत बसल्याली पोरं बघितली की माझं डोकं फिरतं. पर पाला आन धूर एकच व्हय? मग लेक म्हणाली, अब्बा, हे बघा. शहरात बाटली मिळती, ह्याच झाडाच्या तेलाची, कुत्र्यासाठी! फटाक्याला भितं म्हणून! वर कुत्र्याचा फोटू, लायसनचा नंबर. त्येंचं कुत्रं भ्यालं तर औषध, आन माझा बैल भ्याला तर मी गुन्हेगार! ह्यो कसला कायदा, तुमीच सांगा.

गेल्या आठवड्यात खालच्या वस्तीवरचं एक म्हातारं आपला खिलारी बैल घिऊन आलं. लय दिसांनी दारात बैल बघितला, भरून आलं मला. पत्र्या मारल्या, हात काय इसरला न्हवता. बैल थरथरत उठला. म्हातारा हळूच म्हणाला, चाचा, थोडा पाला हाय का? परड्यात खड्डा हाय नुसता, मी अजून बुजवला न्हाई. म्हणालो, बापू, शहरात जावा, बाटली मागा, फकस्त बैल हाय म्हणू नगा, कुत्रं हाय म्हणा.

त्यो हसला. मला काय हसू आलं न्हाई. अल्ला त्येच्या बैलाला बरं ठिवो. माझी तारीख सोमवारी हाय.