तीन बोटांचं माप

मंडळी, तुमच्यापैकी निम्म्यांच्या अंगावर आज रफिकभाईनंच शिवलेले शर्ट आहेत. समोर ते शर्ट दिसतात आणि त्याच्या शोकसभेत बोलणं जड जातं. पण मी आजवर दुसऱ्यांच्या चुकांवरच तोंड चालवलं. आज माझी सांगायची आहे.

रोज दुपारी त्याच्या दुकानात आमचा तंबाखू-सुपारीचा एक खर्रा व्हायचा. तो पन्नीत घोटायचा. निम्मा त्याचा, निम्मा माझा. मग जेवताना त्याच्या तोंडाची आग व्हायला लागली. "मिरची बदलली का वं तू?" म्हणून वहिनींवर डाफरायचा. वहिनींनी तीनदा मिरची बदलली. खर्रा कोणी बदलला नाही. "गरमी हाय, गुलकंद खाय," हा माझा इलाज. आपल्या अनसिंगात डॉक्टर व्हायला काय लागतं?

शेवटी वाशीमला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तोंड किती उघडतं ते बघू, तीन बोटं उभी तोंडात घाला." त्याची दीडच गेली. हा तिथंही म्हणतो, "मॅडम, कॉलरले दोन बोटं ढील पुरते. तोंडाले तीन कायले पाह्यजेत?"

त्या हसल्या नाहीत. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. म्हणाल्या, खर्रा आजच सोडा आणि चट्ट्याचा तुकडा तपासायला द्या.

बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "भाऊ, देऊ का तुकडा?"

कोणाला विचारलं? मला!

मी म्हणालो, "नोको देऊ. लोखंड लागलं का बिमारी चेतते."

हे ज्ञान मला कुठं मिळालं होतं? पानठेल्यावर. त्यानं माझं ऐकलं. वर्षभरात चट्ट्याची गाठ झाली. मग नागपूरला तुकडा काढला, अर्धा जबडाही काढला. तोवर उशीर झाला होता. बोलणं गेलं, घास गेला. शेवटच्या आठवड्यात त्यानं काळ्या कापडावर शिवणाच्या खडूनं वहिनींसाठी लिहिलं, "मिरचीचा कसूर नव्हता."

माझं नाव लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

परवा कब्रस्तानातून आलो आणि आरशासमोर बोटं घातली. दोन गेली. तिसरं गेलं नाही.

आता दोन मिनिटं उभं राहू. त्याआधी गालात जे धरलंय, ते बाहेर जाऊन थुंकून या. मी थांबतो.

कोणीच नाही?

खरं आहे. मी तरी कुठं हललो? माझ्याही गालात आहेच.

रफिकभाई, माफ कर. उभे राहा, मंडळी.